साहेबाला ‘तू’ म्हणणारे देश

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड या पाच नॉर्डिक देशांतल्या कचेऱ्या-कारखान्यांमध्ये अधिकाराची उतरंड बुटकी असते. वरिष्ठाला पहिल्या नावाने हाक मारतात. नवखा कर्मचारीही बैठकीत व्यवस्थापकाचे म्हणणे खोडून काढतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. नेमून दिलेले काम कसे पार पाडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. साहेब पाठीशी उभा राहतो, मानगुटीवर बसत नाही. या रीतीचे श्रेय बाहेरचे लोक सहसा तिथल्या माणसांच्या स्वभावाला देतात. इतिहास पाहिला, तर ते भांडणांना आणि भांडणांनंतर झालेल्या लेखी करारांना द्यावे लागते.

स्वभावाचा वाटा अगदीच नाही असे नव्हे. आक्सेल सांदेमूसे या लेखकाने १९३३ साली एका कादंबरीत यान्ते नावाचे काल्पनिक गाव रंगवले. कोणी स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजू नये, हा त्या गावाचा अलिखित दंडक. ‘यान्तेचा कायदा’ हा शब्दप्रयोग आजही तिथे सर्रास ऐकू येतो. लेखकाने मात्र तो गुण म्हणून लिहिलेला नव्हता. लहान गावाच्या घुसमटीवरची ती टीका होती.

करारांची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. १८९९ साली मालकांनी कारखान्यांना टाळे ठोकले, ते सुमारे शंभर दिवस उघडले नाही. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. संघटना बांधण्याचा कामगारांचा हक्क मालकांनी मानला आणि काम चालवण्याचा व वाटून देण्याचा मालकांचा अधिकार संघटनांनी मानला. स्वीडनची वाट अधिक रक्ताळलेली होती. १४ मे १९३१ रोजी ओडालेन खोऱ्यात संपकऱ्यांच्या मोर्चावर लष्कराने गोळ्या झाडल्या. पाच जण ठार झाले. पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्ष सत्तेवर आला. आपसात मिटवले नाही तर सरकार कायदा करून मध्ये पडेल, ही धास्ती दोन्ही बाजूंना होती. अखेर मालकांचा आणि कामगारांचा महासंघ समोरासमोर बसले आणि २० डिसेंबर १९३८ रोजी स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबादेन येथे मूळ करारावर सह्या झाल्या. वाद आधी वाटाघाटींनी सोडवायचे, संप आणि टाळेबंदी यांनाही नियम लावायचे, असे त्यात ठरले. नॉर्वेने असा करार तीन वर्षे आधीच, १९३५ मध्ये केला होता.

या देशांत किमान वेतनाचा सर्वसाधारण कायदा आजही नाही, त्याचे मूळ या करारांत आहे. वेतन सामूहिक करारातून ठरते. स्वीडनमध्ये दहापैकी जवळपास नऊ कामगार अशा कराराच्या छत्राखाली येतात.

बोलण्यातली उतरंड मोडायला आणखी तीस वर्षे लागली. स्वीडिशमध्ये ‘दू’ म्हणजे तू. वरिष्ठाला ‘दू’ म्हणणे उद्धटपणाचे आणि ‘तुम्ही’साठीचा ‘नी’ हा शब्दही अनेकांना कमी लेखणारा वाटे. मग हुद्दाच तृतीय पुरुषात वापरावा लागे: ‘संचालकसाहेब कॉफी घेतील का?’ समोरच्याचा हुद्दा ठाऊक नसला की वाक्य अडलेच. १९६७ साली ब्रुर रेक्सेद राष्ट्रीय वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले. आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणू आणि पहिल्या नावाने हाक मारू, असे त्यांनी जाहीर केले. बदल आधीच सुरू झाला होता, वरिष्ठानेच पाऊल टाकल्यावर तो झपाट्याने पसरला. तू, तुम्ही, आपण या पायऱ्यांची रोज चढ-उतार करणाऱ्या मराठी माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण ‘तू’ म्हटल्याने कामावरचा हुकूम सैल होत नाही, हे लवकरच दिसले. डिसेंबर १९६९ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या किरुना भागातले खाणकामगार स्वतःच्याच संघटनेला न विचारता संपावर गेले. खाण सरकारी मालकीची होती आणि रोष वेतनाइतकाच व्यवस्थापनाच्या दरडावणीवर होता. संप ५७ दिवस चालला. पुढच्या दशकात सहनिर्णयाचा कायदा आला. १९७७ पासून तो लागू आहे. कामात मोठा बदल करायचा असेल तर मालकाने आपण होऊन आधी संघटनेशी बोलणी केली पाहिजेत. शेवटचा निर्णय मालकाचाच, पण न विचारता तो घेता येत नाही. शिवाय २५ किंवा अधिक माणसे असलेल्या कंपनीत कामगारांना संचालक मंडळावर दोन प्रतिनिधी पाठवता येतात.

या काळातला सर्वांत धाडसी प्रयोग व्होल्वो कंपनीच्या काल्मार कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर दिवसभर एकच बोल्ट आवळण्याच्या कामाला तरुण कंटाळले होते; गैरहजेरी वाढली होती, माणसे टिकत नव्हती. कंपनीचे प्रमुख पेर युलेनहामार यांनी १९७४ साली पट्टाच नसलेला कारखाना उघडला. प्रत्येक मोटार बॅटरीवर चालणाऱ्या स्वतंत्र गाड्यावर बसून एका गटाकडून दुसऱ्याकडे जाई. गाडा मोटार कुशीवर कलती करी, म्हणजे खालचे काम मान न मोडता करता येई. भिंतीला मुद्दाम कोपरे काढले होते, त्यामुळे प्रत्येक गटाला स्वतःची खिडकी आणि कॉफीची जागा मिळाली. कामे आपसात कशी वाटायची, हे गट ठरवी. १९९४ मध्ये हा कारखाना बंद झाला. मंदी आली तेव्हा कंपनीने उत्पादन मोठ्या कारखान्यांत एकवटले. गटाने काम अंगावर घेण्याची कल्पना मात्र जगभर पोचली.

वेळेबाबतही लेखी नियमांचीच रीत आहे. स्वीडनमध्ये वर्षाला किमान २५ दिवस भरपगारी रजा मिळते आणि त्यांतले चार आठवडे जून ते ऑगस्टमध्ये सलग घेण्याचा हक्क असतो. बाळंतपणाच्या रजेची जागा १९७४ मध्ये आई-वडील दोघांच्या रजेने घेतली.

दोषही आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय रेंगाळतो. बाहेरून आलेल्या माणसाला साहेबाचे सौम्य ‘जमेल का?’ हा खरे तर आदेश आहे, हे उमगायला वेळ लागतो.

या व्यवस्थेचा कस अलीकडे पुन्हा लागला. टेस्ला या मोटार कंपनीने सामूहिक करारावर सही करायला नकार दिल्याने २७ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वीडनमधले तिचे मेकॅनिक संपावर गेले. गोदी कामगारांनी तिच्या मोटारी उतरवायचे थांबवले, टपाल कर्मचाऱ्यांनी नंबरपाट्या पोचवणे बंद केले. दोन वर्षांनंतरही तो संप मिटला नव्हता.