पुढच्या रांगेची खुर्ची

देशांतर्गत विमानात लोक ज्याला फर्स्ट क्लास म्हणतात, तो बहुधा बिझनेस क्लास असतो: रुंद खुर्ची, पाय पसरायला ऐसपैस जागा. काही विमानांत मात्र सगळ्याच खुर्च्या इकॉनॉमीच्या. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे (आताचे धाराशिव) तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड बिझनेस क्लासचे तिकीट घेऊन एअर इंडियाच्या अशाच विमानाने पुण्याहून दिल्लीला गेले. तिथे वाद पेटला. कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचे त्यांनी स्वतःच वाहिन्यांना सांगितले. विमान कंपन्यांनी बंदी घातली, परतीचे तिकीट रद्द झाले आणि खासदारांना रेल्वे गाठावी लागली. खेद व्यक्त केल्यावर ७ एप्रिलला बंदी उठली. सप्टेंबरमध्ये सरकारने नियमच केले: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घातल्यास किमान दोन वर्षे विमानबंदी.