खोकी उचलणाऱ्या हातांत नियोजनही यावे!

अंधेरी पूर्वेच्या आपल्या वस्त्यांतील कितीतरी हात सीप्झमध्ये, मरोळच्या एमआयडीसीत आणि सहारच्या कार्गोत माल चढवतात, उतरवतात. पण कोणता माल कधी निघावा, गोदामात किती ठेवावा, कोणत्या मार्गाने जावा, हे ठरवतो कोण? माल उशिरा पोचला तर कारखाना थांबतो. जास्त साठवला तर भांडवल अडकते. हा हिशेब शिकवणारे शास्त्र म्हणजे लॉजिस्टिक्स व सप्लाय चेन व्यवस्थापन.

हे शिक्षण दूर नाही. पवईला १९६३ साली स्थापन झालेली ‘नीटी’ २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. तिथे या विषयात एमबीए करता येते. त्यासाठी पदवी हवी आणि कॅट परीक्षा द्यावी लागते.

पालकहो, १९९० सालच्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या. आयआयएममधील अनुसूचित जातींच्या १५ टक्के राखीव जागांवर आपल्या मुलामुलींचाही हक्क आहे. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. तो पदवीच्या पहिल्याच वर्षी काढून ठेवा. कागदापायी हुशार लेकरू मागे राहता कामा नये.

बापाने खोकी वाहिली. लेकीने त्यांचा मार्ग ठरवावा!