टूथपेस्ट, थर्मल पेस्ट आणि आमचा प्रोसेसर

सुरुवात कबुलीजबाबाने करतो. गेल्या एप्रिलमध्ये, सहाव्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टचं सबमिशन सहा दिवसांवर आलेलं असताना, मी माझ्या रूममेटच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरला टूथपेस्ट लावली. होय, दात घासायची. रूममेट अजून माझ्याशी बोलतो, हा त्याचा मोठेपणा!

मशीन सेकंडहँड. रायझन ५ प्रोसेसर, त्याच्याबरोबर आलेला कंपनीचाच कुलर. त्याच्या बाबांनी रत्नागिरीहून पैसे पाठवले तेव्हा घेतलेलं, त्यामुळे आम्ही त्याला फार जपायचो (म्हणजे आतली धूळसुद्धा जपून ठेवली होती). प्रोजेक्टचं सिम्युलेशन रनला टाकलं की दहा मिनिटांत फॅन अंधेरीवरून उतरणाऱ्या विमानासारखा ओरडायचा आणि थोड्या वेळाने स्क्रीन काळी. तापमान बघायचं सॉफ्टवेअर टाकलं, तर आकडा ९५ अंशांवर चिकटलेला. या प्रोसेसरची ती मर्यादाच आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर मशीन बंद पडतं. ही सोय पूर्वी सगळ्यांत नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने एक प्रयोग चित्रित केला होता. चालू मशीनमधून कुलर उचलला, तर पेंटियम ४ नुसता मंदावला. पण त्या काळच्या अ‍ॅथलॉनचा बघता बघता धूर निघाला. म्हणजे आमचं मशीन बंद पडत होतं ते आमच्या भल्यासाठीच. पण सबमिशनच्या आठवड्यात हे कोण ऐकून घेणार?

शनिवारी रात्री कॅबिनेट उघडलं. आधी धूळ काढली. हीटसिंकच्या पात्यांमध्ये अक्षरशः गोधडी निघाली! बऱ्याच मशीनचा रोग एवढाच असतो, तेव्हा पेस्टला दोष देण्याआधी ब्रश हातात घ्या. आमचं तापमान त्याने चार-पाच अंशच उतरलं. मग मी म्हटलं, कुलर काढून बघू.

आणि इथे पहिली चूक झाली. स्क्रू काढले आणि कुलर सरळ वर ओढला. पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली, त्यामुळे कुलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर आला. आमचा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा. त्याच्या पोटाखाली १३३१ पिना असतात, एकेक टाचणीपेक्षा बारीक. त्यातल्या तीन वाकल्या. इंटेलने २००४मध्येच एलजीए ७७५ सॉकेट आणून पिना मदरबोर्डवर नेल्या, एएमडीने नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी ते २०२२मध्ये एएम५बरोबर केलं. आमच्या नशिबी नेमकं जुनं होतं. ०.५ मिलिमीटरच्या लीड पेन्सिलीतून लीड काढून टाकली आणि तिच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून सरळ केली. एका पिनेला वीस मिनिटं. रूममेट टॉर्च धरून उभा होता, एक शब्द बोलत नव्हता. तो बोलत नव्हता हेच जास्त भीतीदायक होतं.

पिना बसल्या, पण पेस्ट कुठून आणायची? रात्रीचा एक वाजलेला, उद्या रविवार आणि रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद. तेवढ्यात विंगमधला एक सीनियर म्हणाला, "अरे, टूथपेस्ट लाव, चालते!" लावली. आणि खरंच चालली! सिम्युलेशन चालू असताना ७८ अंश. रविवारभर मी विंगमध्ये हिरो होतो. सोमवारी दुपारी ८४. संध्याकाळी ९१. रात्री पुन्हा काळी स्क्रीन.

हे असं का झालं, त्याचं उत्तर मला वर्कशॉपमध्ये मिळालं. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच घासलाय. तिथले काका मंगळवारी सकाळी भेटले, त्यांना सहज सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला आणि मला एक जॉब उलटा ठेवून सरकवायला सांगितलं. जॉब डोळ्याला आरशासारखा सपाट दिसत होता. उचलून पाहिला तर निळे ठिपके फक्त इकडे-तिकडे, बाकी सगळा कोरा! "एवढंच टेकतं बघ," काका म्हणाले. "बाकी सगळी हवा."

प्रोसेसरचं झाकण आणि कुलरचा तळ यांचंही हेच. दोन्ही धातू, दोन्ही गुळगुळीत, तरी टेकतात थोड्याच ठिकाणी. मधल्या फटींमध्ये हवा. आता थर्मलच्या पुस्तकातला फूरिएचा नियम आठवा. उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याची सुमारे ४०० वॉट प्रति मीटर केल्विन, अ‍ॅल्युमिनियमची २००च्या वर, आणि हवेची ०.०२६! चांगल्या थर्मल पेस्टची साधारण ५ धरा. म्हणजे धातूच्या तुलनेत पेस्ट भिकारी, पण हवेच्या तुलनेत जवळपास दोनशे पट श्रीमंत. पेस्टची जागा धातू आणि धातूच्या मध्ये नाहीच. हवा होती तिथे तिने जायचं.

मी तिथेच वहीच्या मागे गणित केलं. प्रोसेसर ६५ वॉटचा, टेकणारा भाग ३ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर धरला. मध्ये ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासचा, पेस्टचा थर असेल तर त्या थरात तापमानाचा फरक पडतो जेमतेम ०.७ अंश. तीच जागा पूर्ण हवेने भरली असती तर उत्तर येतं जवळजवळ १४० अंश. (प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकतो म्हणून एवढं होत नाही, पण दिशा कळली.) आता गंमत बघा. 'जास्त लावली तर जास्त थंड' म्हणून कोणी १ मिलिमीटर जाड लेप दिला, तर फरक १४ अंशांवर जातो! श्रीखंडासारखी पेस्ट थापणाऱ्यांनी हा आकडा रूमच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि टूथपेस्ट? तिच्यात बरंचसं पाणी असतं. पाण्याचा आकडा ०.६ आहे, तो धरला तर ५० मायक्रॉनला फरक सुमारे ६ अंश. म्हणून पहिल्या दिवशी ती चालते, आणि म्हणूनच हॉस्टेलमध्ये ही दंतकथा टिकून आहे. पण ७०-८० अंशांवर पाणी किती दिवस राहणार? ते उडून जातं, उरते कोरडी भेगाळलेली पावडर आणि फटींमध्ये पुन्हा हवा. खऱ्या पेस्टमध्ये बहुधा सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, ते तेल सहजासहजी उडत नाही. तरी वर्षानुवर्षं तापून-निवून तीही वाळते. आमची तशीच वाळली होती.

मंगळवारी दुपारी लेक्चर बुडवून अंधेरीहून स्लो लोकल, ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. साडेतीनशे रुपयांची सिरिंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. दुकानदार लिक्विड मेटल दाखवत होता. घेऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते अ‍ॅल्युमिनियमचा कुलर खाऊन टाकतं आणि वीजही वाहून नेतं. एक थेंब मदरबोर्डवर सांडला की संपलं.

या वेळी मात्र घाई केली नाही. जुनी पेस्ट मऊ व्हावी म्हणून मशीन पाच-दहा मिनिटं चालवलं, मग बंद करून प्लग काढला. कुलर ओढला नाही. स्क्रू सोडून डावी-उजवीकडे हलकेच पिळत राहिलो, तेव्हा तो स्वतःहून सुटला. जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही पृष्ठभाग पुसले, टूथपेस्टचा पांढरा डाग जाईपर्यंत. (नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. प्लॅस्टिक खराब होतं.) पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं. मधोमध हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढा ठिपका. बस! इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लांबट आहेत, त्यांच्यावर ठिपक्याऐवजी रेघ ओढलेली बरी. बोटाने किंवा कार्डाने पसरवायच्या भानगडीत पडलो नाही, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. पसरवायचं काम कुलरच्या दाबाचं. म्हणून कुलर सरळ खाली ठेवायचा, पुन्हा उचलून 'नीट लागली का' बघायचं नाही, आणि स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली तर थर तिरका बसतो. कुलर नवा असेल तर त्याच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढा. हसू नका, आमच्याच विंगमध्ये एकाने महिनाभर ती फिल्म ठेवून मशीन चालवलंय. आणि नव्या कुलरला बऱ्याचदा तळाशी पेस्ट आधीच लावलेली असते. तशी असेल तर वरून आपली घालू नका.

सिम्युलेशन लावलं. ७४ अंश. रात्रभर ७४. हा आकडा मे महिन्यात दोन-तीन अंशांनी वर गेला, तेव्हा रूममेट घाबरून पुन्हा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. त्याला थांबवलं. कुलर फक्त खोलीच्या हवेपेक्षा किती वर, एवढंच ठरवतो. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारभर स्लॅब तापलेला. खोली तीन अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच तापणार, त्यात पेस्टचा दोष नाही. हेच मशीन महाबळेश्वरला नेलं तर आपोआप दहा-बारा अंशांनी उतरेल!

सबमिशन शुक्रवारी वेळेत झालं. सिरिंजमध्ये अजून सात-आठ वेळा पुरेल एवढी पेस्ट आहे, टोपण घट्ट लावून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीये. ज्याला लागेल त्याने खुशाल न्यावी. अल्कोहोलची बाटली मात्र परत आणून द्या, मागच्या वेळी नेली ती अजून आलेली नाही.