पनीर वितळत का नाही?

पुण्यात घरोघरी आता आठवड्यातून एकदा तरी पनीर किंवा चीज आणलं जातं. मुलांच्या डब्यासाठी, पाहुण्यांसाठी, नाहीतर रविवारी काही वेगळं हवं म्हणून. तरी पुष्कळ गृहिणींची एक तक्रार असते. पराठ्यात चीज घातलं तर ते कडेनं बाहेर येऊन तव्यावर करपतं, आणि भाजीत पनीर घातलं तर ते वितळत तर नाहीच, उलट चिवट होतं. दोन्ही दुधाचेच पदार्थ. मग असं का व्हावं?

याचं उत्तर दूध कसं घट्ट केलं, यात आहे. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे दुधात तरंगत असतात आणि कॅल्शियम त्यांना आतून बांधून ठेवतं. गरम दुधात लिंबू पिळलं की आंबटपणामुळे हे कॅल्शियम सुटून पाण्यात जातं आणि प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटतात. हे झालं पनीर. त्याला पुन्हा कितीही आच दिली तरी ही पकड सैल होत नाही, फक्त आतलं पाणी निघून जातं. म्हणून जास्त वेळ तळलेलं पनीर रबरासारखं लागतं.

चीज करताना दूध आंबट करून फाडत नाहीत. त्यात विरजण घालतात आणि रेनेट नावाच्या पाचक द्रव्यानं ते जमवतात. यात बरंचसं कॅल्शियम प्रथिनांतच राहतं. असा बांध उष्णतेनं सैल होतो, म्हणून चीज वितळतं. आपण घेतो ते डब्यातलं किंवा क्यूबचं चीज बहुधा प्रक्रिया केलेलं असतं. त्यात काही क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे वितळताना तूप वेगळं होत नाही. रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत, आता ते सूक्ष्मजीवांपासूनही मिळतं. शाकाहारी घरांनी पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी.

एवढं लक्षात ठेवलं की कोणत्या भाजीत काय घालायचं ते आपोआप ठरतं. पनीर मवाळ चवीचं असतं, त्याला रसाची चव लागते. म्हणून ते पालक, मटार, टोमॅटो अशा अंगाबरोबर रस असलेल्या भाज्यांत चांगलं. पावसाळ्याच्या अखेरीला पुरंदरचा मटार मंडईत आला की कांदा-टोमॅटोच्या साध्या फोडणीत तो शिजवावा, आणि पनीरचे तुकडे अगदी शेवटी घालून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवावं. आधी तळायची गरज नाही. तळायचेच असतील तर तळल्याबरोबर कोमट मिठाच्या पाण्यात टाकावेत, म्हणजे मऊ राहतात. चार माणसांना अर्धा किलो भाजी आणि शंभर ते दीडशे ग्रॅम पनीर पुरतं. हॉटेलसारखी साय आणि लोणी घातलं की भाजीची चव मागं पडते.

चीजचं उलट. त्याला स्वतःची चव आणि मीठ असतं, आणि पाणी सोडणाऱ्या भाजीत ते विरघळून चिकट होतं. फ्लॉवर, फरसबी, उकडलेला बटाटा, ढोबळी मिरची अशी भाजी कोरडी परतून गॅस बंद करावा आणि मगच वर चीज किसावं. दोन क्यूब पुष्कळ झाले. भाजीत मीठ नेहमीपेक्षा कमी घालावं. पराठ्यासाठी कोबी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवावा, घट्ट पिळावा आणि पिळलेलं पाणी कणकेत घ्यावं. सारणात चीजपेक्षा कुस्करलेलं पनीर जास्त घ्यावं, म्हणजे पराठा फुटत नाही. चव हवी म्हणून चीजचा एखादा क्यूब पुरे.

पनीर घरी करणं अवघड नाही. ज्या घरात श्रीखंडासाठी चक्का टांगतात, त्या घरात लागणारं कापडही असतंच. फुल क्रीम दूध घ्यावं. त्यात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो. चितळ्यांचं घ्या, कात्रजचं घ्या, कुठलंही. एक लिटर दूध उकळून गॅस बंद करावा आणि दोन मिनिटं थांबावं. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा, हलक्या हातानं ढवळावं. पाणी हिरवट, स्वच्छ दिसलं की थांबावं. दुधाळच राहिलं तर आणखी थोडा रस घालावा. कापडावर ओतून वरून गार पाणी घालावं, म्हणजे आंबटपणा जातो. भुर्जीसाठी पंधरा मिनिटं टांगलं तरी चालतं. तुकडे हवे असतील तर चपटं करून वर पाण्यानं भरलेलं पातेलं अर्धा-पाऊण तास ठेवावं. एका लिटरचं साधारण १८० ते २०० ग्रॅम पनीर होतं. फ्रिजमध्ये गार पाण्यात बुडवून ठेवून ते दोन दिवसांत संपवावं. उरलेल्या पाण्याला जुनी माणसं नासकवणी म्हणतात. ते फेकू नये. कणीक त्यात भिजवावी किंवा आमटीत घालावं. त्यातही दुधाची काही प्रथिनं असतात.

हे माप बाजारातही उपयोगी पडतं. बनावट पनीरचा प्रश्न मार्च २०२५ मध्ये विधानसभेतही निघाला होता. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल घालून पनीरसारखा दिसणारा पदार्थ बनवतात, त्याला ॲनालॉग म्हणतात. तो विकायला कायद्यानं मनाई नाही, पण पनीर म्हणून विकायला आहे. पाकिटावर तसं लिहायला हवं. सुट्या वड्यांवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. घरी एक चाचणी करता येते. तुकडा पाण्यात उकळून गार करावा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर त्यात पिष्ट मिसळलेलं आहे. पण ही चाचणी तेल ओळखत नाही. रंग आला नाही म्हणजे पनीर चोख आहे, असं समजू नये.

त्यापेक्षा हिशेब करावा. एक किलो पनीरला फुल क्रीम दूध पाच लिटरच्या आसपास लागतं. आपल्या घरच्या दुधाचा भाव पाचानं गुणावा. दुकानातलं सुटं पनीर त्याहून पुष्कळ स्वस्त असेल तर दुकानदाराला विचारावं, हे कोणत्या दुधाचं? त्याला नीट उत्तर देता आलं नाही, तर दुधाची पिशवी घेऊन घरी यावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)