पेंटरनं रंग बदलला नाही

दसरा जवळ आला की घरोघरी रंगकाम निघतं, आणि त्यामागोमाग ठरलेली तक्रार ऐकू येते: 'कार्डावर हलका पिवळा निवडला होता, भिंतीवर भडक आला. पेंटरनं डबा बदलला.' मग त्या पेंटरचे उरलेले पैसे अडवले जातात. हा सरळसरळ अन्याय आहे. डब्यावर शेडचा नंबर असतो. तो कार्डाशी ताडून पाहायला मिनिटही लागत नाही. नंबर जुळत असेल, तर बोटभर तुकड्यावरून चार भिंतींचा निर्णय घेणाऱ्याचंच चुकलं आहे.

कार्डावरचा तुकडा आपण पाहतो तो पांढऱ्या कागदावर, दुकानातल्या दिव्याखाली. खोलीत मात्र त्याच रंगाच्या भिंती समोरासमोर येतात. एका भिंतीवरून परतलेला प्रकाश दुसरीवर पडतो, तिथून पुन्हा पहिलीवर, आणि दर फेरीत रंग अधिक दाट होतो. म्हणून सौम्य पिवळा कोपऱ्यात पिवळाजर्द दिसतो. त्यात दिव्याची भर. खोक्यावर 6500 के लिहिलेला एलईडी निळसर पांढरा प्रकाश देतो, 2700 के लिहिलेला पिवळसर. दिवसा छान दिसणारी राखाडी भिंत रात्री पहिल्याखाली निळी, दुसऱ्याखाली मातकट वाटते.

शेजारचा रंगही डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात काळ्या धाग्याला काळेपणा नाही, अशा तक्रारी येत आणि बोल रंगाऱ्यांना लागे. रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासलं तर रंग उत्तम होता. विणीत शेजारी आलेल्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. त्यांचा यावरचा ग्रंथ 1839 सालचा आहे. तरी आजही आपण रंगाऱ्यालाच धरतो!

यावर उपाय स्वस्त आहे. निवडलेल्या शेडचा सगळ्यात लहान डबा आणा. दोनेक फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर कडेची पट्टी मोकळी ठेवून दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग मधोमध घडी घालून तो खोलीच्या कोपऱ्यात उभा करा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून पाहा. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट पट्टा मारून पाहू नका; भोवतीचा जुना रंग नजर बिघडवतो. ओला रंग पाहूनही घाबरू नका. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होतं, चुना उलट उजळतो.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा नको. गुलाबी खोलीत माणूस शांत होतो, हा 1979 पासूनचा दावा. स्वित्झर्लंडच्या तुरुंगात तपासून 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. छत उंच भासावं म्हणून भिंती मुद्दाम गडद करायची गरज नाही. 2010 च्या एका जर्मन अभ्यासात छत आणि भिंती, दोन्ही उजळ असताना खोली जास्त उंच वाटली. महाग रंगानं ओल थांबत नाही. आधी गळती काढा. आणि दोन वर्षांनी त्याच नंबरचा डबा आणून डाग झाकला तरी ठिगळ दिसणारच, कारण तोवर भिंतच बदललेली असते. तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवून घ्या.