कबूल करणे आणि नमते घेणे

वस्तीत भांडण मिटवायला चार माणसे बसली की कुणीतरी हमखास म्हणते, "कबूल कर आणि मोकळा हो!" किती सहज वापरतो आपण हा शब्द! पण कबूल म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण करतो का?

'कबूल' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ स्वीकार. "आम्हांला स्थळ कबूल आहे" ही झाली संमती. "दरमहा पाचशे द्यायचे कबूल केले" हे झाले वचन. "काच मीच फोडली, कबूल करतो" ही झाली कबुली. अर्थ तीन, पण तिन्हींत आपले मन राजी असावे लागते.

नमते घेण्याचे तसे नाही. घर मोडू नये, कुणाचा जीव जाऊ नये म्हणून माणूस दोन पावले मागे येतो. म्हणून त्याने चूक कबूल केली, असे होत नाही.

बाबासाहेबांचेच पाहा. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला बाबासाहेबांनी पुणे करारावर सही केली. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. बाबासाहेबांनी नमते घेतले, पण मागणी चुकीची होती असे कबूल केले नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी ती पुन्हा मांडली.

कायदाही हा फरक जाणतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, असे संविधानाचे कलम २०(३) सांगते. धाकाने वदवून घेतलेली कबुली ही कबुली नव्हेच.

घरातही हेच लक्षात ठेवू या. मुलाला दोन फटके देऊन "चुकलो" म्हणवून घेतले, तर ते नमते, कबूल करत नाही. जवळ घेऊन विचारले, तर खरे सांगते. आणि कुणी कागद पुढे करून "इथे सही करा" म्हणाले, तर आधी तो वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. त्यात 'मला कबूल आहे' असे लिहिले असेल, तर मनाला विचारा, खरेच कबूल आहे का?