क्लचप्लेटा गेल्या म्हणता? आधी केबलचा 'प्ले' तर बघा!

मंडळी, सोलापूरहून बाईकवर तुळजापूरला निघालात. घाट सुरू झाला, ॲक्सिलेटर पिळला, इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही वेग घेईना. मागून ट्रक येतोय. मागे बसलेला मित्र लगेच निकाल देतो, "प्लेटा गेल्या की बे!"

गेल्याही असतील. पण दरवेळी नाही. कित्येकदा दोष केबलचा असतो आणि उपाय पाच मिनिटांचा.

क्लच करतो काय?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये चकत्यांची एक थप्पी असते. स्प्रिंगा तिला घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते. लिव्हर दाबला की थप्पी सैल होते आणि गिअर बदलता येतो.

लिव्हर सोडलेला असताना केबल थोडी ढिली हवी. हाच 'प्ले'. रोजच्या वापरातल्या बहुतेक बाईकना तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

दुखणं ओळखायचं कसं?

- प्ले फार कमी: थप्पी पूर्ण आवळलीच जात नाही. इंजिन फिरतं, पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज घसरतं. असंच चालवत राहिलात तर चांगल्या प्लेटाही जळतात.
- प्ले फार जास्त: थप्पी पूर्ण सुटत नाही. गिअर कडक पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते.

सेट कसा करायचा?

१. इंजिन बंद करा, हँडल सरळ ठेवा.
२. लिव्हरजवळचा लॉकनट सैल करा. ॲडजस्टर बाहेर काढला की प्ले कमी होतो, आत फिरवला की वाढतो.
३. तिथे आटे संपले असतील, तर ॲडजस्टर पूर्ण आत घाला आणि केबलच्या इंजिनकडच्या टोकाला असलेल्या नटवर सेट करा.
४. लॉकनट आवळा. हँडल दोन्ही बाजूंना वळवून प्ले तेवढाच राहतोय ना, ते बघा.

केबलच्या तारा तुटायला लागल्या असतील, तर मात्र केबलच बदला.

तरीही घसरतोय?

मग ऑइल तपासा. बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असं लिहिलेलं हवं. प्ले बरोबर आणि ऑइलही बरोबर असेल, तर प्लेटा किंवा स्प्रिंगा झिजल्या असण्याची शक्यता जास्त. आता मेकॅनिककडे जा.

हाफ क्लचची सवय सोडा

ट्रायल्स नावाच्या खेळात स्वार पाय न टेकवता दगडांवरून बाईक चढवतात, तेही हाफ क्लचवर. पण त्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत आपण तसंच केलं, तर प्लेटांचं आयुष्य घटतं. गाडी थांबली की न्यूट्रल करा आणि लिव्हर सोडा.

तर मंडळी, पुढच्या वेळी घाटात जाण्याआधी लिव्हर एका बोटानं हलवून बघा. आणि तो "प्लेटा गेल्या" म्हणणारा मित्र आहे ना, त्यालाही हे नक्की सांगा!